खुबा बदललाय, सिंहगड उतरायचा कसा?

कॅशियरबाई (१४ जुलै, सकाळी ६.४०)

नमस्कार मंडळी,

हा धागा आरोग्य विभागात काढावा की भटकंतीत, यात दोन दिवस गेले. शेवटी भटकंतीत काढतेय. आरोग्य विभागात "विश्रांती घ्या" म्हणणारे भेटणार, आणि ते म्हणायला आमच्या घरात चार माणसं आधीच आहेत.

वय ५८. बँकेत ३१ वर्षं, त्यातली निम्मी कॅश काउंटरला, म्हणून हे नाव. गेल्या १८ नोव्हेंबरला उजवा खुबा बदलला. म्हणजे आता आठ महिने होत आले. सपाटीवर पाच किलोमीटर चालते, काठीशिवाय, न लंगडता. झोप लागते. दोन वर्षांनी पहिल्यांदा उजव्या कुशीवर वळले तेव्हा मध्यरात्री नवऱ्याला उठवून सांगितलं, त्याने "बरं" म्हटलं आणि परत झोपला.

आधीची गोष्ट थोडक्यात सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. मला दुखायचं गुडघ्यात. आठ महिने गुडघ्याचे उपचार झाले, गुडघ्याचे तीन एक्स-रे, गुडघ्याचं तेल, गुडघ्याचा पट्टा. खुब्याकडे कुणी बघितलंच नाही. मग एका दुसऱ्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं, पाय दुमडून आतल्या बाजूला फिरवला आणि मी ओरडले. म्हणाले, गुडघा ठीक आहे, खुबा गेलाय. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं म्हणे. वाटी जन्मापासूनच उथळ होती, चेंडूवर नीट बसतच नव्हती, म्हणून लवकर झिजली. सासूबाई मात्र अजून सगळ्यांना सांगतात, "डोंगर चढून चढून घालवला पाय."

आता मुद्दा. २००६ पासून आम्ही पाच जणी दर रविवारी सिंहगड चढायचो. पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाटेने वर, पुणे दरवाजा, दही, आणि पायीच खाली. मला ५५ मिनिटं लागायची. चौघी अजून जातात. मी रविवारी सकाळी गच्चीत चहा घेऊन बसते आणि साडेसातला ग्रुपवर दरवाजाचा फोटो येतो.

डॉक्टर म्हणाले, "ट्रेकिंग करा, उड्या मारू नका, पळू नका." फिजिओ म्हणाली, "हळूहळू." हळूहळू म्हणजे नक्की काय, ते कुणी सांगत नाही. पर्वती मी चौथ्या महिन्यात चढले. १०३ पायऱ्या, रुंद, बुटक्या. चढायला काही वाटलं नाही. उतरताना मात्र अर्ध्यात थांबून कठड्याला धरून उभी राहिले. दुखत नव्हतं. पण उजव्या पायावर भार ठेवून डावा खाली टाकायची वेळ आली की उजवा पाय आपला नाही असं वाटायचं. कुणीतरी भाड्याने दिल्यासारखा. शेवटी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मुलासारखी उतरले.

सिंहगडाच्या वाटेवर पर्वतीसारख्या पायऱ्या नाहीत. गुडघ्याएवढे दगड आहेत, मधे मुरूम आहे, आणि रविवारी मागून पळत उतरणारी पोरं आहेत.

शिवाय मे महिन्यात तळजाईच्या टेकडीवर एक कुत्रं पायात आलं. पडले नाही, पण तोल सावरताना उजव्या मांडीत अशी कळ गेली की घाम फुटला. एक्स-रे काढला, सगळं जागेवर आहे. पण तेव्हापासून डोक्यात भीती बसलीय.

तर, इथे कुणी खुबा बदलून डोंगर उतरलंय का? चढण्याबद्दल विचारत नाहीये. काठी एक की दोन, आणि कुठल्या हातात? पाय किंचित लांब झाल्यासारखा वाटतो, तसं कुणाला वाटलं का? आणि एक प्रश्न जो बायकांना कळेल: पायथ्याच्या गावात संडास भारतीय पद्धतीचा, नाहीतर झुडूप. उकिडवं बसायला मला मनाई आहे. काय करता?

---

काळजीवाहू (१४ जुलै, सकाळी ८.०५)

ताई, राग मानू नका, पण एवढा खर्च करून नवीन सांधा बसवलाय तो जपून वापरावा असं माझं मत. देवाने दिलेला एकदा गेला, आता माणसाने दिलेला तरी सांभाळा. गाडीरस्ता आहे की वरपर्यंत. दही तेच मिळतं.

---

रात्रपाळी (१४ जुलै, सकाळी ९.३०)

अँडी मरे खुबा बदलून परत टेनिस खेळला, स्पर्धाही जिंकला. तुमचा तर सिंहगड आहे. बिनधास्त जा!

---

फिजिओ_नाशिक (१४ जुलै, दुपारी २.१५)

@रात्रपाळी, मरेचं जानेवारी २०१९ मध्ये झालं ते रिसरफेसिंग. त्यात मांडीच्या हाडाचा चेंडू कापून काढत नाहीत, त्यावर धातूची टोपी बसवतात. ताईंचं पूर्ण बदललंय. दोन्हींची तुलना करू नका, आणि पेशंटला "बिनधास्त" हा शब्द कृपया सांगू नका.

@काळजीवाहू, सांधा वापरल्याने संपतो ही भीती समजते, पण चालणं बंद केल्याने तो टिकत नाही. स्नायू मात्र जातात, आणि स्नायू गेले की माणूस पडतो. २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात शंभरातले साधारण ५८ खुबे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं होतं, आणि ते जुन्या बनावटीचे होते. आताच्या सांध्यातलं प्लॅस्टिक त्याहून कमी झिजतं.

कॅशियरबाई, तुमच्या फिजिओने "हळूहळू" एवढंच सांगितलं असेल तर आमच्या जमातीतर्फे माफी मागते.

पाय "भाड्याचा" वाटतो ते अगदी बरोबर पकडलंत. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, खिशाच्या जरा मागे जो स्नायू असतो, तो एका पायावर उभं राहिलं की कंबर सरळ धरतो. तुमची वाटी जन्मापासून उथळ, म्हणजे तो आधीच थकलेला, कमजोर असणार. वर ऑपरेशन. चढताना मांडी आणि पार्श्वभाग ढकलून नेतात, निभावतं. उतरताना मात्र एका पायावर सगळं वजन तोलून, गुडघा सावकाश वाकवत शरीर खाली सोडायचं असतं. तिथे हा स्नायू कमी पडला की कंबर एका बाजूला पडते, गुडघा आत येतो, आणि मेंदू म्हणतो, हा पाय आपला नाही.

यावर उपाय घरातच आहे. पाट घ्या. खाली रबरी मॅट टाका, नाहीतर फरशीवर सरकेल. शेजारी ओटा हवा, हात टेकायला. पाटावर उजव्या पायावर उभं राहायचं, डावी टाच सावकाश जमिनीला नुसती लावायची, भार न देता, आणि परत वर. मोजायचं ते किती वेळा झालं हे नाही. समोर आरसा ठेवून गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का ते बघायचं. जिथे आत पडला तिथे त्या दिवसापुरतं थांबायचं. पाटावर सलग दहा नीट झाले की जरा उंच पायरी, मग चौरंग. चौरंग भक्कम हवा, पूजेचा नाजूक नको. एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायाम तर चालू असेलच. तो कंटाळवाणा आहे म्हणून सगळे तिसऱ्या महिन्यात सोडतात.

पाय लांब वाटण्याबद्दल: कित्येक वर्षं आखूड झालेल्या पायावर तुम्ही शरीर बेतून घेतलं होतं. तो आता मूळ मापाला आला की लांब भासतो. बहुतेकांचं काही महिन्यांत जातं. तुमचे आठ झालेत, तर एकदा मोजून घ्या. स्वतःच्या मनाने चपलेत टाच घालू नका.

आणि तो कुत्र्याचा प्रसंग. बर्लिनमध्ये काही पेशंटच्या कृत्रिम खुब्यातच मोजयंत्र बसवून भार मोजला गेला आहे. साधं चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. जिना चढता-उतरताना थोडा जास्त. आणि ठेच लागून तोल सावरताना? सात-आठ पट. तुम्हाला घाम फुटला तो उगाच नाही. डोंगरात तुम्हाला झिजेपेक्षा ठेचेपासून जपायचंय.

---

दोन्ही_नवे (१४ जुलै, रात्री १०.४८)

वय ७१, ठाणे. डावा २०११ ला, उजवा २०१४ ला. त्यानंतर कळसूबाई दोनदा, हरिश्चंद्रगड पाचनईकडून तीनदा, लोहगड मोजलेला नाही.

फिजिओताई म्हणतात ते कसं खरं आहे ते सांगतो.

२०१६, डिसेंबर. राजगड. चढलो पाली दरवाजाने, तिकडे पायऱ्या आहेत, छान गेलो. उतरताना पोरं म्हणाली गुंजवण्याकडे उतरू, गाडी तिकडे बोलावलीय. मला माहीत होतं ती वाट कशी आहे. तरी "नको" म्हणायला लाज वाटली. चोर दरवाजा कठडे धरून पार केला. पुढे खाली सोपी वाट लागली, आता आलंच म्हणून गप्पा सुरू झाल्या, आणि घसाऱ्यावरून पाय सटकला. बसलो तो थेट उजव्या कुल्ल्यावर. सांधा शाबूत. त्याचा जो दांडा मांडीच्या हाडात ठोकलेला असतो, त्याच्याभोवतीचं हाड तडकलं. गावातल्या चौघांनी बांबूला चादर बांधून खाली आणलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. परत ऑपरेशन, हाडाला धातूची पट्टी, तारा, चार महिने घरात. डॉक्टर म्हणाले, "सांधा अजून वीस वर्षं चालला असता, तुम्हीच चालला नाहीत नीट."

तर आता माझे नियम. तुम्हाला पटतील ते घ्या.

वाट मी निवडतो, आणि उतरायची वाट आधी निवडतो. घसारा असेल तर जात नाही, मग कितीही सुंदर गड असो. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, नाही. जुलैत तर आतकरवाडीची वाट डोक्यातसुद्धा आणू नका.

काठ्या दोन. एकच असेल तर ऑपरेशनच्या विरुद्ध हातात, म्हणजे तुमच्या डाव्या. लोक हमखास दुखऱ्या बाजूला धरतात, सिनेमात पण तेच दाखवतात. उतरताना काठ्या चार बोटं लांब करायच्या, आधी काठ्या खाली, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. आमच्या वॉर्डातली सिस्टर म्हणायची, "चढताना शहाणा पुढे, उतरताना दुखरा पुढे." मोठा दगड आला की तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. कळसूबाईच्या शिड्या मी तशाच उतरतो. मागचे हसतात, हसू देत.

शेवटचा अर्धा तास गप्पा बंद. हे सगळ्यात अवघड. मी तर सरळ सांगतो, आता माझ्याशी बोलू नका.

आणि उतरायला चढण्याच्या दीडपट वेळ धरायचा. आपल्याकडे उलटं धरतात.

संडासाचं: ट्रेकच्या सामानाच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, बायको वापरते, तिला गुडघ्याचा त्रास आहे. दीड-दोन किलो वजन. गाडीत ठेवायला ठीक, पाठीवर नको वाटते. बाकी मी पुरुष असल्याने जास्त बोलत नाही.

---

स्टुटगार्टकर (१५ जुलै, पहाटे १.२०)

इथला, जर्मनीतला अनुभव जोडते. माझ्या शेजारीणबाईंचा, वय ६६, खुबा बदलला. हॉस्पिटलमधून थेट तीन आठवडे रिहा (पुनर्वसन) क्लिनिकमध्ये, रोज व्यायाम, पाण्यातला व्यायाम, आणि बागेत मुद्दाम केलेला एक रस्ता: थोडी वाळू, थोडी खडी, थोडे लाकडी ओंडके. त्यावरून चालवून घेतात. मला ते फार आवडलं. आपल्याकडे पेशंटला हॉस्पिटलच्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये चालवतात आणि गेटाबाहेर उखडलेला फुटपाथ असतो. ताई, सोसायटीच्या आवारात कुठे वाळूचा ढीग असेल तर कुणाचा तरी हात धरून त्यावर चालून बघा.

दोन काठ्यांची लाज वाटत असेल तर सांगते, इथे वीस-पंचवीस वर्षांची पोरंही दोन काठ्या घेऊन डोंगरात जातात.

शेजारीणबाई सहाव्या महिन्यात डोंगरात. उतरायला अजून रोपवे असेल तिथेच जातात मात्र.

---

कॅशियरबाई (१५ जुलै, सकाळी ७.१०)

सगळ्यांचे आभार. काळजीवाहू, तुमचेही, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या खूश आहेत.

दोन्ही_नवे, काका म्हणावं तर तुम्ही तेराच वर्षांनी मोठे, दादा म्हणते. राजगडाचं वाचून अंगावर काटा आला. "नको म्हणायला लाज वाटली" हे वाक्य चौघींना पाठवलंय.

पाट काढलाय. सासूबाईंचा लग्नातला, शिसवी. त्यावर पाय ठेवून व्यायाम करायचा म्हटल्यावर एक वेगळंच रणकंदन झालं. आता सुताराकडून साधा करून आणलाय. आरशात पाहिलं आणि खरंच, चौथ्यालाच गुडघा आत.

---

कॅशियरबाई (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०)

धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचाय.

पावसाळाभर कुठे गेले नाही. पाट, मग विटेएवढी पायरी. आवारात एका बिल्डरची वाळू पडली होती, तिच्यावर सकाळी सहाला नवऱ्याचा हात धरून चालायचे. वॉचमनने तिसऱ्या दिवशी विचारलं, काही हरवलंय का. पाय मोजून घेतला, पाच मिलिमीटरचा फरक निघाला, "विसरून जा" म्हणाले. आता खरंच आठवत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, वाट सुकल्यावर, मंगळवारी लोहगड. मुद्दाम मंगळवार, गर्दी नको म्हणून. लोहगडवाडीपर्यंत गाडी, पुढे पायऱ्या. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, मग महादरवाजा. वर जायला ५० मिनिटं, उतरायला तास आणि वीस. दादा, तुमचं दीडपटीचं गणित थोडक्यात हुकलं. हनुमान दरवाजाच्या खालच्या वळणावर पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्यात, तिथे तोंड डोंगराकडे करून उतरले. शाळेची सहल वर येत होती. एका मुलीने बाईंना विचारलं, "त्या आजी उलट्या का उतरतायत?" बाई म्हणाल्या, "तुम्ही पण तसंच उतरायचं." पन्नास मुलं परत येताना उलटी उतरली असतील तर त्याला मी जबाबदार.

आणि गेल्या रविवारी सिंहगड. चौघींना आधीच बजावलं होतं: चढेन तुमच्याबरोबर, उतरेन जीपने. दोन काठ्या. १ तास ३५ मिनिटं लागली. त्या माझ्यासाठी थांबत नव्हत्या, तेही मीच सांगितलं होतं, थांबलं की मला घाई होते. एकटीच चढत होते शेवटच्या टप्प्यात, आणि त्यामुळे पहिल्यांदाच कळलं की मोठे दगड कुठे कुठे आहेत. सतरा वर्षं चढले पण दगड कधी मोजले नव्हते. उतरताना त्रास देतील असे अकरा निघाले, सगळे डोक्यात बसलेत.

पिठलं-भाकरीवाल्या मावशींनी ओळखलं. चटईवर बसायचं होतं, मी उभीच. त्यांनी काही न विचारता आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, वर त्यांची जाड घोंगडी घडी करून ठेवली, म्हणाल्या, "माझ्या जावेला पण तेच झालंय, खाली बसत नाही ती." म्हणजे खुबा फार दुमडू नये म्हणून बसायची उंची वाढवायची, हे त्यांना ठाऊक होतं. मला हॉस्पिटलातून आलेल्या कागदावर ते चौथ्या ओळीत, बारीक अक्षरात छापलं होतं.

जीपचं मात्र लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. मागच्या बाकावर बसू नका. बाक बुटका, समोर माणसं, गुडघे पार छातीशी येतात आणि वर घाटाची वळणं. माझं ऑपरेशन मागच्या बाजूने झालंय, खुबा तसा दुमडून त्यात पाय आत वळला तर निसटायची भीती असते. म्हणून ड्रायव्हरशेजारची जागा मागितली. तिथे एक गृहस्थ आधीच बसले होते, धडधाकट, चाळिशीचे. म्हणाले, "मलाही मागे लागतं." मी म्हटलं, मी पुढची जीप घेते. तीन जीप सोडल्या. दादा, लाज नाही वाटली.

संडासाचा प्रश्न सुटला नाही. घडीची खुर्ची घेतली, ती गाडीत असते, आणि गाडी पायथ्याला. तूर्त चढण्याआधी दोन तास पाणी कमी पिते. फिजिओताई ओरडतील, माहितीय.

चौघी विचारतायत, खाली पायी कधी. चौरंगावर सलग दहा नीट झाले की. सध्या सात होतात. आठव्याला गुडघा आत पडतो.